गोळी कमी करण्याच्या काळात वापरलेले दंडावरचे बीपी मशीन : चौदा महिन्यांनंतरचा अभिप्राय

दंडावर पट्टा बांधून रक्तदाब मोजणारे एक साधे डिजिटल मशीन मी गेले चौदा महिने वापरत आहे आणि हा अभिप्राय त्याच्याविषयी आहे. अशा मशीनचे अभिप्राय पुष्कळ वाचायला मिळतात. पट्टा मऊ आहे, आकडे मोठे दिसतात, सेल बरेच दिवस टिकतात, असे त्यांत लिहिलेले असते. माझे मशीन मात्र एका ठरावीक कामासाठी घेतलेले होते. अकरा वर्षे चालू असलेल्या रक्तदाबाच्या दोन गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करायच्या, जमल्यास बंद करायच्या, आणि तोपर्यंत घरचे आकडे भरवशाने त्यांच्यापुढे ठेवायचे, हे ते काम. त्या कामाला मशीन कुठे उतरले आणि कुठे कमी पडले, ते सविस्तर लिहितो आहे, कारण गोळ्या सोडण्याच्या विचारात असलेल्या माणसाला हीच माहिती लागते आणि मला ती सुरुवातीला कुठे एकत्र मिळाली नव्हती.

गोळ्या कमी करण्याचा विषय मी काढला नव्हता, शरीराने काढला. दीड वर्षात माझे वजन नऊ किलोने उतरले, जेवणातले मीठ बरेच कमी झाले, रोजचे चालणे अंगवळणी पडले. त्यानंतर खुर्चीतून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. डॉक्टरांनी बसवून रक्तदाब पाहिला तो 118/72 भरला. उभे करून एका मिनिटाने पुन्हा पाहिला तर वरचा आकडा 98 वर आला होता. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 मिलिमीटरने उतरला, तर ती उभे राहण्याने होणारी घसरण वैद्यकीयदृष्ट्या दखल घेण्याजोगी मानतात, कारण अशी माणसे पडतात आणि पडल्यावर हाडे मोडतात. औषध आता गरजेपेक्षा जास्त होत असावे, असे डॉक्टर म्हणाले. मी लगेच विचारले की उद्यापासून दोन्ही बंद करू का. त्यावर ते म्हणाले, ‘उद्यापासून काहीच बंद करायचे नाही. आधी घरचे आठवड्याचे आकडे आणा, मग एकेक गोळी पाहू.’ मशीन घेण्याचे कारण हे एवढेच.

कोणते मशीन घ्यावे यावर मी बरेच दिवस घालवले आणि ते सार्थकी लागले असे वाटते. मनगटावर बांधायची मशीन हाताळायला सोपी असतात, पण मनगट हृदयाच्या पातळीपासून थोडे वरखाली झाले तरी आकडा बदलतो, म्हणून घरच्या मोजणीसाठी तज्ज्ञ दंडावरच्या मशीनलाच पसंती देतात. बोटावर लावायच्या साधनांवर किंवा पट्टा न फुगवता रक्तदाब सांगणाऱ्या घड्याळांवर गोळी कमी करण्याचा निर्णय घेऊ नये, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे अचूकतेची स्वतंत्र तपासणी. 2018 साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार नवे प्रारूप (मॉडेल) साधारणपणे किमान 85 माणसांवर तपासले जाते आणि प्रशिक्षित माणसांनी पट्टा व स्टेथोस्कोप वापरून घेतलेल्या आकड्यांशी त्याची तुलना होते; सरासरी फरक 5 मिलिमीटरच्या आत राहावा लागतो. अशा कसोटीत उतरलेल्या प्रारूपांच्या याद्या ‘स्ट्राइड बीपी’सारख्या संस्था सर्वांसाठी खुल्या ठेवतात. माझ्या मशीनच्या कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण एकाच कंपनीची काही प्रारूपे या यादीत असतात आणि काही नसतात; नावावर विसंबून भलतेच प्रारूप घरी येण्याची भीती असते. खोक्यावरचा प्रारूप क्रमांक यादीत शोधावा.

पट्ट्याचे माप हा दुसरा मुद्दा. मशीनसोबत येणारा पट्टा सगळ्यांना बसेलच असे नाही. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर टेपने मोजायचा आणि तो पट्ट्यावर छापलेल्या मर्यादेत आहे का ते पाहायचे. माझा घेर 34 सेंटिमीटर भरला आणि सोबतचा पट्टा 32 पर्यंतचा होता. तो ओढूनताणून बसत होता, वेल्क्रो चिकटतही होती, त्यामुळे कोणीही हाच वापरला असता. पण लहान पट्टा रक्तदाब खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. त्याच मशीनचा मोठा पट्टा वेगळा मागवून लावला तेव्हा माझा वरचा आकडा सरासरी सहाने खाली आला. हे आधी कळले नसते, तर त्या सहा अंकांपायी गोळी कमी करणे थांबले असते. मोठा पट्टा मूळ खोक्यात नसणे आणि खोक्याच्या दर्शनी भागावर पट्ट्याची मर्यादा न छापणे, या दोन्ही गोष्टींसाठी मी या उत्पादनाचे गुण कापतो.

पहिल्या आठवड्यात मी मोजत होतो ते बहुतेक चुकीचे होते. सकाळी उठून पलंगाच्या कडेला बसायचे, पाय लोंबते, हात मांडीवर, आणि पट्टा फुगत असतानाच घरात कुणाला तरी काही सांगायचे. एका सकाळी आकडा 141 आला. तोच दंड, तेच मशीन, पंधरा मिनिटांनी टेबलापाशी पाठ टेकून, पावले जमिनीवर सपाट ठेवून आणि हात टेबलावर सैल सोडून बसलो, तर 127. मधल्या वेळात मी कोणतेही औषध घेतलेले नव्हते. हाताच्या जागेचा परिणाम मोजणारा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांचा अभ्यास 2024 साली प्रसिद्ध झाला. 133 जणांवर केलेल्या त्या अभ्यासात हात टेबलाऐवजी मांडीवर ठेवला, तर वरचा आकडा सरासरी सुमारे 4 ने आणि हात बाजूला लोंबता सोडला, तर सुमारे 6.5 ने जास्त आला. भरलेले मूत्राशय, पायांची घडी, बोलणे, नुकतेच घेतलेले चहा-कॉफीसारखे पेय, ओढलेली सिगारेट, केलेला व्यायाम, या प्रत्येकाने आकडा वर ढकलला जातो. म्हणून मोजण्याआधी अर्धा तास यांतले काही नको, लघवीला जाऊन यायचे, पाच मिनिटे गप्प बसायचे आणि मगच बटण दाबायचे.

मशीन प्रत्यक्ष कसे वागते ते सांगतो. बटण दाबले की पंप बारीक घरघरतो, पट्टा दंडाला आवळत जातो आणि एका क्षणी हाताच्या बोटांत मुंग्यांसारखी जाणीव होते. मग दाब हळूहळू सुटतो. या वेळी मशीन काही ऐकत नसते. धमनीतल्या प्रत्येक ठोक्याने पट्ट्यातल्या हवेत उठणारे हेलकावे ते टिपत असते आणि त्यांच्या चढउतारावरून वरचा व खालचा आकडा गणिताने काढते. म्हणूनच त्या अर्ध्या-पाऊण मिनिटात हात जरासा हलला किंवा मूठ आवळली गेली, तरी गणित बिघडते. माझ्या मशीनमध्ये हालचाल झाल्याचे आणि पट्टा सैल बांधल्याचे दाखवणारी चिन्हे आहेत, ती दोन्ही विश्वासाची निघाली. अनियमित नाडीचे चिन्हही आहे. ते चौदा महिन्यांत तीनदा उमटले. पहिल्या वेळी मी घाबरलो. डॉक्टरांनी ईसीजी काढून पाहिला, तो ठीक होता. ज्यांची नाडी मुळातच अनियमित आहे, त्यांच्या बाबतीत अशा मशीनचे एकेक आकडे बरेच वरखाली होतात आणि त्यांनी किती वेळा मोजून सरासरी काढायची, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे लागते.

मशीन घेतल्यानंतर पहिल्या भेटीला ते सोबत नेले. डॉक्टरांनी आधी दोन्ही दंडांवर मोजले, कारण दोन दंडांत फरक असला तर पुढे नेहमी जास्त आकड्याचा दंड धरायचा असतो. माझ्यात फरक फक्त तीनचा होता. मग त्यांचे उपकरण आणि माझे मशीन आळीपाळीने लावले. फरक चारच्या आत राहिला. ही पंधरा मिनिटे मला सगळ्यात मोलाची वाटतात, कारण त्यानंतर घरच्या आकड्यांवर त्यांचा आणि माझा सारखाच विश्वास बसला.

गोळी कमी करण्याआधीचा आठवडा असा ठरला: सात दिवस, सकाळी गोळी घेण्यापूर्वी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, दोन मोजण्यांत एक मिनिटाचे अंतर. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे, उरलेल्यांची सरासरी काढायची. सकाळी गोळीपूर्वी मोजायचे कारण असे की आदल्या दिवशीच्या गोळीचा अंमल त्या वेळी सर्वांत कमी उरलेला असतो. घरी मोजलेल्या रक्तदाबासाठी 135/85 ही रेषा धरतात. दवाखान्यातल्या 140/90 शी ती साधारण जुळते. माझी त्या आठवड्याची सरासरी 117/71 आली.

सरासरी मला वहीत हाताने काढावी लागली आणि इथे या मशीनचा मोठा दोष सांगितला पाहिजे. मशीनमध्ये सरासरीचे बटण आहे, पण ते साठलेले सगळे आकडे एकत्र करते. पहिला दिवस वगळता येत नाही, तारखेपासून तारखेपर्यंत निवडता येत नाही. दोन माणसांसाठी वेगवेगळे कप्पे आहेत, परंतु कप्पा बदलणारे बटण पट्ट्याच्या नळीच्या अगदी शेजारी असल्याने नळी खोचताना ते नकळत दाबले जाते. त्यामुळे एकदा पत्नीचे चार दिवसांचे आकडे माझ्या कप्प्यात जमा झाले. तिचा रक्तदाब नेहमीच कमी असतो. त्या आकड्यांमुळे माझी सरासरी खोटीच सुंदर दिसू लागली होती, आणि तीच डॉक्टरांना दाखवली असती तर पुढची पायरी चुकीच्या आधारावर घेतली गेली असती. तेव्हापासून प्रत्येक आकडा मोजताच वहीत उतरवतो: तारीख, वेळ, वरचा, खालचा, नाडी आणि एका शब्दात काही विशेष असेल तर ते. फोनवरचे ॲप आहे, पण त्यालाही हेच मिसळलेले आकडे मिळतात.

आता मुख्य भाग. माझ्या दोन गोळ्या होत्या मेटोप्रोलॉल 50 मिलिग्रॅम आणि ॲम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम, आणि या दोन्ही सोडण्याच्या रीती अगदी वेगळ्या आहेत. मेटोप्रोलॉल हे बीटा-ब्लॉकर वर्गातले औषध. ते बराच काळ घेतल्यावर शरीर ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांना जास्त संवेदनशील झालेले असते. गोळी एकदम तुटली तर नाडी धावू लागते, रक्तदाब उसळतो, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या माणसाला छातीत कळ येण्यापासून हृदयविकाराच्या झटक्यापर्यंत काहीही होऊ शकते. असा आजार ठाऊक नसतानाही तो दडलेला असू शकतो, म्हणून बीटा-ब्लॉकर सर्वांचेच उतरवत उतरवत बंद करतात. क्लोनिडिन हे रक्तदाबाचे दुसरे एक औषध याहूनही बेभरवशाचे. ते अचानक सोडल्यास एक-दोन दिवसांत रक्तदाब मूळच्यापेक्षाही वर जाऊ शकतो. ही दोन्ही औषधे एकत्र चालू असतील, तर कोणते आधी काढायचे यालाही क्रम असतो, आधी बीटा-ब्लॉकर आणि काही दिवसांनी क्लोनिडिन. हे घरी बसून ठरवण्याचे काम नाही.

डॉक्टरांनी ईसीजी आणि जुने तपासणी अहवाल पाहिले, मला हृदयाचा दुसरा आजार नाही याची खात्री करून घेतली आणि मेटोप्रोलॉल दोन आठवडे 25, पुढे दोन आठवडे 12.5 आणि मग बंद, असा आराखडा दिला. छातीत दुखले, धाप लागली किंवा धडधड थांबेना, तर आकड्याची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठायचे, हे त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिले. या चार आठवड्यांत मशीनवरचा तिसरा आकडा, म्हणजे नाडी, सगळ्यात उपयोगी पडला. बहुतेक लोक तो पाहतही नाहीत. माझी नाडी 58 वरून 66 आणि पुढे 74 वर आली आणि तिथेच स्थिरावली. जिना चढताना छातीत ठोके जाणवायचे, तेव्हा मोजून पाहिले की आकडा अवाजवी नाही हे दिसायचे. मेटोप्रोलॉल पूर्ण बंद झाल्यानंतर दोन आठवड्यांची सरासरी 122/75 होती आणि उभे राहून मोजलेला वरचा आकडा 112 च्या खाली गेला नाही. डोळ्यांपुढची अंधारी या टप्प्यावरच थांबली.

ॲम्लोडिपिन बंद केल्यावर उसळी येत नाही. त्याची अडचण उलट प्रकारची आहे. ते शरीरातून फार सावकाश जाते. रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला 30 ते 50 तास लागतात, त्यामुळे शेवटच्या गोळीनंतर आठवडाभर तरी तिचा काही ना काही अंमल राहतो. पहिल्या आठ दिवसांचे आकडे पाहून ‘गोळीची गरजच नव्हती’ असे ज्याला वाटते, तो खरे तर गोळीचाच उरलेला परिणाम मोजत असतो. अंमल ओसरल्यावरही रक्तदाब काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत हळूहळू वर सरकतो आणि त्याची अंगाला काही जाणीव नसते. डोके दुखेल, चक्कर येईल तेव्हा कळेलच, या समजुतीवर राहणारी माणसे मी आसपास पाहिली आहेत आणि त्यांची मला फार काळजी वाटते. उच्च रक्तदाब बहुधा काहीच दुखवत नाही. गोळी सोडलेल्या माणसाला तो परत आल्याचे मोजल्याशिवाय कळत नाही.

म्हणून या टप्प्यावर आम्ही घाई केली नाही. 5 ऐवजी 2.5 मिलिग्रॅम, असे सहा आठवडे, सरासरी 126/77. मग बंद. बंद केल्यानंतर पहिल्या आठवड्यात 127/78, चौथ्या आठवड्यात 131/81. याच सुमारास गुडघा दुखू लागला म्हणून मी घरात असलेली आयब्युप्रोफेनची गोळी पाच दिवस घेतली आणि आकडे 138, 140 असे दिसू लागले. गोळी पुन्हा सुरू करण्याची वेळ आली असे समजून मी डॉक्टरांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न होता, दुसरे कोणते औषध चालू आहे का. या वर्गातल्या वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात आणि त्यांनी रक्तदाब वाढू शकतो; नाक मोकळे करणारी काही औषधे आणि स्टेरॉइड यांच्याही बाबतीत हे घडते. ती गोळी थांबवल्यावर आठवड्याभरात सरासरी पुन्हा 132/81 झाली. वहीतल्या शेवटच्या रकान्यात ‘गुडघ्याची गोळी’ हे शब्द लिहिलेले होते, ते मशीनच्या स्मृतीत कुठेच नव्हते.

आधीच ठरवलेला नियम असा होता की एखाद्या आकड्यावरून काहीही बदलायचे नाही, सलग दोन आठवड्यांची सरासरी 135/85 च्या वर राहिली तर कळवायचे. 180/120 किंवा त्याहून जास्त आले, तर पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजायचे. तरीही तेवढेच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचे. आणि त्यासोबत छातीत दुखणे, धाप, हातापायातली शक्ती जाणे, बोलणे अडखळणे, दिसण्यात फरक, असे काही असेल तर तातडीची वैद्यकीय मदत मागवायची. तशी वेळ माझ्यावर आली नाही. पण नियम कागदावर असल्यामुळे 144 सारखा एखादा आकडा दिसला की दहा वेळा मोजत बसायची सवय सुटली. काळजीने पुन्हा पुन्हा मोजले की काळजीनेच आकडा चढतो, हे मशीनच्या माहितीपुस्तिकेत ठळकपणे छापायला हवे होते. तिथे मशीन पाण्यात बुडवू नये यालाच जास्त जागा दिली आहे.

ॲम्लोडिपिन बंद होऊन चार महिने झाले आणि थंडी पडली. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि पुष्कळ लोकांचा रक्तदाब काही अंकांनी वाढतो. माझ्या दोन आठवड्यांच्या सरासऱ्या 137/86 आणि 139/87 आल्या. वही घेऊन गेलो, डॉक्टरांनी ती पाच मिनिटे चाळली आणि 2.5 मिलिग्रॅम पुन्हा सुरू केली. मला थोडे वाईट वाटले हे खरे आहे. तसे ते त्यांना बोलून दाखवल्यावर ते म्हणाले, ‘दोन गोळ्यांवरून तुम्ही एका अर्ध्या गोळीवर आलात, चक्कर गेली आणि परत चढत होता ते वेळेत कळले. यात वाईट वाटण्यासारखे काय आहे?’ गोळी परत सुरू झाल्यावर सरासरी 128/79 वर बसली आहे.

याच भेटीत त्यांनी दोन अभ्यासांचा उल्लेख केला, ते मी नंतर वाचले. ब्रिटनमधल्या ‘ऑप्टिमाइझ’ चाचणीत 80 किंवा त्याहून जास्त वयाच्या, दोन किंवा अधिक औषधे घेणाऱ्या आणि वरचा आकडा 150 च्या खाली असलेल्या 569 जणांची दोन गटांत विभागणी करून एका गटाचे एक औषध काढले होते. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बारा आठवड्यांनी 150 च्या खाली राहिलेल्यांचे प्रमाण त्या गटात सुमारे 86 टक्के आणि औषध न काढलेल्या गटात सुमारे 88 टक्के होते. औषध काढलेल्यांचा वरचा आकडा दुसऱ्या गटाच्या तुलनेत सरासरी 3.4 ने जास्त राहिला आणि त्यांच्यातील साधारण दोन-तृतीयांश लोकांना बारा आठवड्यांत ते औषध पुन्हा घ्यावे लागले नाही. दुसरा अभ्यास अमेरिकेतला, ‘टोन’ नावाचा, 1998 सालचा. 60 ते 80 वयाच्या माणसांचे औषध काढून पाहिले, तेव्हा मीठ कमी केलेल्या आणि वजन उतरवलेल्या लोकांना औषधाशिवाय राहणे जास्त साधले. दोन्ही ठिकाणी माणसे निवडून घेतलेली होती आणि त्यांच्यावर सतत लक्ष होते. ज्याचा रक्तदाब मुळातच गोळ्यांनी जेमतेम आटोक्यात आहे, त्याला या आकड्यांतून हिंमत घेता येणार नाही.

एक गोष्ट मशीन कधीच सांगू शकणार नाही, ती म्हणजे गोळी कशासाठी दिलेली आहे. रक्तदाबाची म्हणून ओळखली जाणारी बरीच औषधे दुसऱ्याच कामावर असतात. हृदयविकाराच्या झटक्यानंतरचा बीटा-ब्लॉकर, हृदय कमजोर झालेल्यांना किंवा मधुमेहाने मूत्रपिंडावर परिणाम झालेल्यांना दिलेल्या एसीई इन्हिबिटर वर्गातल्या गोळ्या, पक्षाघातानंतरचे उपचार, प्रोस्टेटच्या त्रासासाठी दिलेला अल्फा-ब्लॉकर: या लोकांच्या मशीनवर 115/70 दिसत असले, तरी त्या आकड्यावरून गोळी सोडण्याचा प्रश्नच येत नाही. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी माझी हकीकत ऐकून असे मशीन घेतले आणि ते त्यांच्या गोळ्या सोडायला निघाले होते. त्यांची बायपास झालेली आहे. त्यांना मी आधी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे जायला लावले, आणि त्यांची एकही गोळी कमी झाली नाही. ते योग्यच झाले.

टिकाऊपणाविषयी थोडक्यात. चार सेल साधारण तीन महिने पुरतात. ते उतरत आले की पंप ओढल्यासारखा आवाज करतो, तेव्हा चिन्ह येण्याची वाट न पाहता बदललेले बरे. अकराव्या महिन्यात पट्ट्याची वेल्क्रो फुगताना सुटू लागली आणि नवा पट्टा घ्यावा लागला. पडद्याला प्रकाश नाही, त्यामुळे पहाटेच्या अंधारात दिवा लावावा लागतो. वर्षपूर्तीला मशीन पुन्हा डॉक्टरांकडे नेऊन ताडून पाहिले. फरक अजूनही चारच्या आतच आहे, आणि या कामासाठी मला त्याहून मोठे प्रशस्तिपत्र नको. मोजमापाच्या अचूकतेसाठी पाचपैकी पाच, नोंदी ठेवण्याच्या सोयीसाठी दोन, खोक्यातल्या पट्ट्यासाठी दोन, असे गुण मी देईन. वही आणि योग्य मापाचा पट्टा स्वतः आणायची तयारी असेल तर घ्यावे.

सध्या महिन्यातला एकच आठवडा मोजतो. डॉक्टरांची पुढची भेट थंडी ओसरल्यानंतरची ठरली आहे, 2.5 मिलिग्रॅमची ही गोळी पुन्हा एकदा काढून पाहायची की ठेवायची, हे त्याआधीच्या सात दिवसांच्या आकड्यांवर ठरेल, आणि त्यासाठी वहीत पान आखून ठेवले आहे.